मातीनं बुजवलेला तलाव

नऊशे चारमध्ये राहायला आलेल्या म्हाताऱ्या बाई अमेरिकन आहेत, हे आमच्या मजल्यावर महिनाभर कुणाला कळलं नव्हतं. बाई काळ्या होत्या. अंगात साधा सुती गाऊन, पायात कापडी बूट. लिफ्टमध्ये कुणीही आलं की त्या आधी स्वतः बाजूला सरकायच्या. त्या फ्लॅटमध्ये कुणी प्रोफेसर राहते एवढं ऐकून होतो. ती सकाळी सहालाच गाडी काढून जायची, त्यामुळे तिला कुणी धड पाहिलेलं नव्हतं. तिने घरकामाला आफ्रिकेतून बाई आणली असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. आम्ही म्हणजे मी. दुसऱ्या कुणाला मी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात माझ्या सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिजावर आमच्याकडे शारजाला आल्या. मी त्यांना आईच म्हणते. सत्तरी ओलांडलेली, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात सगळा जन्म गेलेला, विमानात पहिल्यांदाच बसलेल्या. आम्ही अल नहदात राहतो. मी अल कुसैसच्या एका भारतीय शाळेत इंग्रजी शिकवते, मुलगीही त्याच शाळेत, तेव्हा अकरा वर्षांची. दोघी साडेसहाला घर सोडतो आणि तीन वाजता परत येतो. नवरा जेबेल अलीच्या कामावरून सातच्या आत कधी पोचत नाही. म्हणजे आईंना दिवसभर टीव्ही आणि खिडकीतून दिसणारा ट्रॅफिक. आठवड्याने त्या म्हणाल्या, "अगं, हितं माणसं राहत्यात का नुसती दारं?"

त्यानंतर दोनच दिवसांनी मी शाळेतून आले तर घरात आई नव्हत्या. फोन टेबलावर पडलेला. वॉचमनला विचारलं, शेजारी विचारलं. शेवटी तिसऱ्या मजल्यावर गेले. आमच्या इमारतीत खाली दोन मजले पार्किंग आहे आणि त्याच्या वर, उघड्यावर, स्विमिंग पूल आणि चार बाकं. त्यातल्या एका बाकावर आई बसल्या होत्या. शेजारी नऊशे चारमधल्या बाई. मध्ये आमची स्टीलची परात, तिच्यात गवार. दोघी शेंगा मोडत होत्या. आई मराठीत बोलत होत्या, बाई इंग्रजीत, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं.

"ही म्हणती, तिच्या आजीच्या ओसरीवर पण असंच शेंगा मोडत बसायचे," आईंनी मला सांगितलं.

मी बाईंकडे पाहिलं. "तुम्ही असं म्हणालात?"

"शब्दन् शब्द," बाई हसून म्हणाल्या. "फक्त आमच्या शेंगा जरा लांब असायच्या."

त्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका छोट्या शहरातल्या होत्या. तिथेच त्यांनी शाळेत मुलांना शिकवलं होतं आणि तिथूनच निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यावर मुलीने, म्हणजे त्याच प्रोफेसरने, वर्षभरासाठी इकडे आणलेलं. हे ऐकताना माझे कान तापले. त्यांना कळण्यासारखं काही नव्हतं, तरी मी त्या दिवसापासून त्यांना मॅम म्हणायला लागले.

मग तो नेमच झाला. चारच्या सुमारास उन्हं उतरली की आई भाजी घेऊन खाली जायच्या. बाई आधीच आलेल्या असायच्या. मुलगी पाण्यात, मी वह्या तपासत शेजारी, आणि अडलं की दुभाषी. खरं म्हणजे फारसं अडायचं नाही. गुडघे, जावई, मुलांचे फोन न येणं, यांना भाषांतर लागत नाही.

नोव्हेंबरात एक दिवस बाईंनी गाऊन गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पूलच्या काठावर पाय पाण्यात सोडून बसल्या. लाइफगार्ड नवीन होता, आठवड्यापूर्वी रुजू झालेला, नेपाळचा. तो जवळ आला आणि वाकून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सॉरी, मेड नॉट अलाउड."

मी उठेपर्यंत पाण्यातून मुलगी ओरडली, "शी लिव्हज् हिअर! नाइन ओ फोर!"

तो बिचारा पांढराफटक पडला. चार वेळा सॉरी म्हणाला. बाईंनी गळ्यातलं की-कार्ड दाखवलं, हरकत नाही म्हणाल्या, गाव कुठलं ते विचारलं. ही आपल्या मनातली गोष्ट नाही हे पटवायला त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. बाई उठल्या. चष्मा लावला आणि पाटीपुढे उभ्या राहून त्यांनी ती सावकाश वाचली. घरकामाच्या स्टाफला काइंडली विनंती आहे की त्यांनी पूलमध्ये उतरू नये.

"काइंडली," बाई म्हणाल्या. "लिहिणारं माणूस शिकलेलं आहे. कुणी केला हा नियम?"

"मॅनेजमेंटने," मी म्हटलं.

ते खोटं होतं. दोन वर्षांपूर्वी पाचव्या मजल्यावरच्या एका कुटुंबाकडे इथिओपियाची एक तरुण बाई मूल सांभाळायला होती. मूल रडत होतं म्हणून ती त्याला घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी उथळ पाण्यात उतरली. दहा मिनिटं असेल फार तर. संध्याकाळी इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायकांचं सुरू झालं: हायजीन, कपडे, उद्या सगळ्याच उतरतील. कुणीतरी म्हणालं, ऑफिसला पत्र देऊ या. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे इंग्लिश टीचर आहे की. मी अर्ध्या तासात पत्र लिहून दिलं, खाली पाटीचा मजकूरही सुचवला. तो त्यांनी जसाच्या तसा रंगवला. 'काइंडली' माझं होतं. ते घातल्यामुळे वाक्य कसं सौम्य झालं, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

बाई परत बाकावर येऊन बसल्या. टॉवेलने पाय पुसले, बोटांच्या मधली जागासुद्धा. मग म्हणाल्या, "तुझ्या सासूबाईंना एक सांगायचंय. सांगशील?"

त्या एकेक वाक्य बोलायच्या आणि माझ्यासाठी थांबायच्या. शिकवण्याची सवय.

त्यांचं शहर म्हणजे एक कापडगिरणी, एक मोठा रस्ता, एक कोर्टाची इमारत आणि मधून जाणारी रेल्वेलाइन. लाइनच्या अलीकडे गोरे, पलीकडे काळे. लाइन ओलांडायला बंदी नव्हती. सकाळी कामाला जाताना ओलांडायची, संध्याकाळी परतताना ओलांडायची. त्यांची आई रोज अलीकडच्या एका डॉक्टरांकडे स्वयंपाकाला जायची. कोर्टाच्या आवारात पाणी प्यायचे नळ दोन. सिनेमाला जिना वेगळा, बाल्कनीत नेणारा. काळ्यांच्या शाळेत पुस्तकं यायची ती गोऱ्यांच्या शाळेतून वापरून टाकलेली, पहिल्या पानावर दुसऱ्याच मुलांची नावं लिहिलेली. आपलं नाव लिहायला जागाच उरलेली नसायची. पत्ता सांगावा तशा त्या सांगत होत्या, इथून डावीकडे, मग उजवीकडे.

गिरणीजवळच्या बागेत नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. तळाला निळ्या फरशा, भोवती जाळीचं कुंपण. उन्हाळ्यात आईबरोबर कामावर जाताना बाई आणि त्यांची मोठी बहीण कुंपणाला लागून चालायच्या. आतून पाणी उडालं तर हातावर थेंब पडायचे. बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि बहीण बाराची, तेव्हा कायदा झाला की सरकारी जागा सगळ्यांना उघड्या ठेवाव्या लागतील. त्यांच्या आईने एक जुना पडदा कापून दोघींना पोहण्याचे दोन पोशाख शिवले. उन्हाळ्यात तलाव उघडतो त्या दिवशी पलीकडची वीसपंचवीस मुलं खांद्यावर टॉवेल टाकून लाइन ओलांडून गेली. फाटकाला साखळी होती. दुरुस्तीसाठी बंद, असा कागद लावलेला. सगळा उन्हाळा दुरुस्ती चालली आणि आत एक माणूस दिसला नाही. पानगळीच्या दिवसांत ट्रक आले. त्यांनी तलावात माती टाकली, काठापर्यंत. वर गवत पेरलं.

"फरशासुद्धा काढल्या नाहीत," बाई म्हणाल्या. "अजून खाली तशाच आहेत."

मी हे सांगितलं तेव्हा आईंचे हात थांबले. "माती टाकली? पाण्यात?"

"हो."

"चांगल्या पाण्यात?" आईंनी पुन्हा विचारलं. त्यांचा विश्वासच बसेना. ज्या गावात टँकरच्या मागे पळण्यात बायकांचं आयुष्य गेलं, तिथल्या बाईला बाकी सगळं समजत होतं, हे समजत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बहीण गिरणीखालच्या नदीत उतरली. उकडत होतं आणि दुसरीकडे कुठे जायला नव्हतं. तिला पोहता येत नव्हतं. पलीकडच्या कुणालाच येत नव्हतं, कारण शिकायचं कुठे. "मी काठावर होते," बाई म्हणाल्या. "पडद्याचा तो पोशाख तिच्या अंगावर होता." एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर गुडघ्याच्या वर पाण्यात त्या कधी गेल्या नव्हत्या.

हे मी मराठीत सांगितलं. आईंनी बाईंच्या मांडीवर हात ठेवला. मुलगी केव्हा पाण्यातून बाहेर आली आणि टॉवेल गुंडाळून मागे उभी राहिली, ते आम्हाला कळलंच नव्हतं.

त्या दिवसानंतर आई घरात गप्प असायच्या. जेवताना नवऱ्याने विचारलं, बरं नाही का. म्हणाल्या, बरं हाय. चार-पाच दिवस गेले. मग एका दुपारी खाली मटार सोलत असताना त्या मला म्हणाल्या, "तिला माझं एक सांग. मी सांगते तसं सांग."

मला वाटलं, दुष्काळाचं काही असेल. दुष्काळाचंच होतं.

"बहात्तर साल," आई म्हणाल्या. "मी एकोणीसची. लगीन होऊन वरीस झालेलं. गावात एकाच विहिरीला पाणी उरलेलं. तिकडच्या बायांनी विहिरीवर चढायचं नाही. लांब घागरी मांडून बसायचं, आपल्यातली कोण पाण्याला आली तर तिनं वरनं ओतायचं. ओतलं तर ओतलं." तिकडच्या म्हणताना त्यांनी वस्तीचं जुनं नाव घेतलं. ते मी इंग्रजीत सांगितलं नाही आणि इथेही लिहीत नाही.

"एक पोर होती माझ्याच वयाची. सहावा महिना तिला. सकाळपासनं बसलेली, कुणी ओतलं न्हाई. भर दुपारी मी गेले तर विहिरीवर दुसरं कोण नव्हतं. तिनं आपला पोहरा सोडून पाणी काढलेलं. मला बघितलं अन् जागच्या जागी थिजली. म्हणली, वैनी, कुणाला सांगू नका. मी म्हणलं, बरं." आईंनी सोललेले दाणे परातीत टाकले. "अन् घरी जाऊन सासूला सांगितलं."

"का?" हे मी विचारलं, भाषांतर करायचं विसरून.

"सासू रोज म्हणायची, तुला काय कळत न्हाई, तुला काय दिसत न्हाई. त्या दिवशी मला कायतरी दिसलं होतं."

मग माणसं वस्तीवर गेली. तिच्या नवऱ्याला चावडीपुढे उभं करून मारलं. विहिरीत गोमूत्र शिंपडलं. आठ दिवसांत त्या दोघांनी गाव सोडलं. वाट आईंच्या दारावरूनच जात होती. डोक्यावर बोचकं घेऊन ती पोटुशी बाई चालत गेली आणि तिने आईंकडे पाहिलं नाही.

बाई वाट पाहत होत्या. मी सांगायला लागले. दुष्काळ सांगितला, विहीर सांगितली, लांब बसण्याची रीत सांगितली. पोटुशी बाई सांगितली. आणि म्हटलं, तिला पाणी काढताना कुणीतरी पाहिलं, आणि घरी सांगितलं.

"नो मम्मा," मागून मुलगी म्हणाली. "आजी डिडन्ट से समवन. आजी सेड, शी टोल्ड."

आईंनी विचारलं, "काय म्हणती ती?"

"काही नाही, आई."

"आजी, मम्मा राँग सांगते," मुलगी आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. "मम्मा म्हणाली, कुणीतरी सांगितलं."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "कुणीतरी काय, अगं. मी. मी म्हणून सांग."

मग मी सांगितलं. घरी 'मी' सांगितलं, असं आई म्हणतात.

बाईंच्या हातात मटाराची एक शेंग होती. ती त्यांनी सोललीही नाही आणि खाली ठेवलीही नाही. मग म्हणाल्या, "किती वर्षांची होती ही?"

"एकोणीस."

"आमच्या गावात सगळे म्हणतात, तलाव बंद झाला," बाई म्हणाल्या. "झाला. आपोआप, पाऊस थांबावा तसा. जे तेव्हा कुंपणाच्या आत होते ते आता माझ्याएवढेच म्हातारे आहेत. भेटतात, मला केक आणून देतात, म्हणतात ते दिवसच तसे होते. तो कागद कुणी टाइप केला, साखळी कुणी लावली, ट्रक कुणी चालवला? साठ वर्षांत एकाही माणसाच्या तोंडून मी 'मी' ऐकला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण तिला हे सांग. माफ करणं माझ्या हातात नाही. मी ती बाई नव्हे."

या वेळी मी एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही.

"मी कुठं मागतीय," आई म्हणाल्या.

बाई उठल्या आणि वर निघून गेल्या. मटार आम्ही दोघींनी संपवले.

पाच दिवस त्या खाली आल्या नाहीत. आई मात्र रोज चारला बाकावर जाऊन बसायच्या, कधी भाजीशिवायसुद्धा. शुक्रवारी शाळा लवकर सुटते. त्या दुपारी मी नऊशे चारची बेल वाजवली. बाईंनीच दार उघडलं.

"खाली जी पाटी आहे," मी दारातच म्हटलं, "ती मॅनेजमेंटने लावली, पण मजकूर माझा आहे. पत्रही माझंच होतं."

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "मी वाचत होते तेव्हा सगळे पाटीकडे बघत होते. तू सोडून. आत ये."

त्यांनी चहा केला, बर्फ घालून, गोडमिट्ट. मी सगळं सांगितलं: ते रडणारं मूल, तो ग्रुप, ते पत्र. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या मुलीचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. कित्येक महिने ती आमच्याच लिफ्टमधून वरखाली जात होती. पत्र गेल्यावर चार महिन्यांनी ते कुटुंब अजमानला राहायला गेलं, तिला बरोबर नेलं की परत पाठवलं तेही माहीत नव्हतं. मी चहा संपवला. मग त्या म्हणाल्या, "आता काय करणार आहेस?"

"दुसरं पत्र लिहिते."

"लिही. व्याकरण सांभाळून लिही," त्या म्हणाल्या. "कर्ता गाळू नकोस."

दुसरं पत्र लिहायला मला अर्धा तास पुरला नाही, रविवार अख्खा गेला. अमुक साली असं पत्र मी लिहिलं होतं, ते चूक होतं, मी ते मागे घेते, पाटी काढावी. एवढाच मजकूर. ते घेऊन मी दारोदार फिरले. सहाव्या मजल्यावर पुण्याच्या एक बाई राहतात, डब्यांचा मोठा व्यवसाय आहे त्यांचा, माझ्यावर त्यांची माया आहे. त्या म्हणाल्या, "अगं, असं कसं? उद्या सगळ्या मेड उतरल्या तर आपण कुठे जायचं?" दोन वर्षांपूर्वी मी स्वतः नेमकं असंच म्हटलं होतं, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. सही त्यांनी केली नाही. बऱ्याच जणींनी केली नाही. ज्यांनी केली त्यांत नऊशे चारमधल्या मायलेकी होत्या, एक केरळी नर्स होती, आणि मला अपेक्षा नव्हती असे दोनतीन पुरुष होते. जानेवारीत हळदीकुंकवाचं बोलावणं मला आलं नाही. ते मला लागलं, खोटं कशाला सांगू.

इमारतीच्या मॅनेजरने पत्र दोनदा वाचलं. "आधीचंही तूच लिहिलंस आणि हेही तूच?"

"हो."

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

मार्चमध्ये पूलच्या भिंतीला रंग दिला तेव्हा पाटी उतरवली गेली आणि परत लागली नाही. माझ्या पत्रामुळे की रंगाऱ्याच्या विसरण्यामुळे, ते मी विचारलं नाही. लाइफगार्डला मी सांगितलं की आता नियम नाही. त्याने मान हलवली. पण मुलं सांभाळणाऱ्या बायका अजूनही टॉवेल घेऊन कुंपणाबाहेरच उभ्या असतात. मी एकीला आत या म्हटलं तर ती हसली आणि म्हणाली, "नो मॅडम, ओके हिअर."

हे झालं पुढचं. डिसेंबरात, म्हणजे आई इथे असतानाच, बाई परत खाली यायला लागल्या. आधीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. बाकावर बसताना मध्ये जरा जास्त जागा असायची. पण शेंगा एकाच परातीत पडायच्या. आणि एका संध्याकाळी बाईंनी माझ्या मुलीला विचारलं, "तू मला शिकवशील?"

रविवारी सकाळी सात वाजता पूलवर कुणी नसतं. बाई लांब बाह्यांचा गडद निळा पोशाख घालून आल्या, मुलीने त्यांच्यासाठी ऑनलाइन शोधलेला. गार्डला मुलीने जवळ उभं राहायला सांगितलं. मी काठावर, आई खुर्चीत शाल घेऊन. पहिले तीन रविवार बाईंनी कठडा सोडला नाही. मुलगी कडक मास्तरीण निघाली. "ब्लो बबल्स. नो, प्रॉपर बबल्स." सत्तर वर्षांच्या बाई पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायच्या आणि वर आल्यावर छातीवर हात ठेवून उभ्या राहायच्या. तेव्हा कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, हे मुलीला न सांगता कळलं होतं.

चौथ्या रविवारी मुलीने त्यांना उताणं झोपवलं. एक हात मानेखाली, एक पाठीखाली. "लुक ॲट द स्काय," ती म्हणाली. वरून एक विमान चाललं होतं. मग तिने आधी पाठीखालचा हात काढला आणि जरा वेळाने मानेखालचा. बाई तरंगत राहिल्या. त्यांचे डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते, काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. मग पाय खाली टेकवून त्या उभ्या राहिल्या, टॉवेल मागितला आणि त्यात तोंड घालून बराच वेळ थांबल्या.

"भ्या गेलं का तिचं?" आईंनी विचारलं.

मी बाईंना विचारलं. "अर्धं," टॉवेलमधून त्या म्हणाल्या.

जानेवारीत आईंचा व्हिजा संपला. निघताना दोघींनी एकमेकींचे हात धरले, मिठी मारली नाही. जूनमध्ये बाईंच्या मुलीचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि त्याही आपल्या शहरात परतल्या. आता त्या मला अधूनमधून मेसेज करतात. तिकडे एका क्लबात पोहायला जातात, पूर्वी त्यांना ज्याच्या दारातही उभं केलं नसतं अशा. नगरपालिकेच्या बैठकीत त्यांनी बोलायला वेळ मागून घेतला आणि बुजवलेल्या तलावाच्या गवतावर पाटी लावा म्हणून सांगितलं. पाटीला कुणाचा विरोध नाही. मजकुरावर अडलंय: तलाव बंद झाला लिहायचं, की बंद केला. दोन बैठका त्यावर गेल्या आहेत.

आईंनी गावी गेल्यावर काय केलं ते मला ऑगस्टात कळलं. त्यांनी आधी शाळेतल्या गुरुजींना विचारलं, मग जन्मात पहिल्यांदा वस्तीत गेल्या आणि एका म्हाताऱ्याकडून माहिती काढली. ती बाई जिवंत होती. पिंपरीला मुलाकडे राहत होती, तोच मुलगा, जो तेव्हा पोटात होता. नंबर मिळाला. आईंनी तो महिनाभर ठेवून दिला आणि मग एका दुपारी लावला.

"मी म्हणलं, मी अमक्याची सून बोलतीय," आईंनी मला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. "ती काय बोलली न्हाई. मी म्हणलं, विहिरीचं मी सांगितलं होतं. ती काय बोलली न्हाई. मग म्हणली, मला जेवायचंय आता. अन् ठेवला."

"परत केलात का?"

"केला. उचलला न्हाई."

मी म्हटलं, कदाचित काही दिवसांनी ती उचलेल.

"कशाला उचलंल?" आई म्हणाल्या. "बरोबर हाय तिचं." मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला, स्क्रीनवर नुसती कपाळपट्टी दिसत राहिली, आणि विचारलं, "पोरीची शाळा कधी सुरू होती?"